कंसातली स्त्री

राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचा निकाल पेपरात येतो, आतल्या पानावर, एका कॉलमात, श्वास न घेता छापलेला. पहिलं नाटक, दुसरं नाटक, मग दिग्दर्शन, प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा आणि शेवटी अभिनय. इतकी वर्षं ही यादी वाचून मला एक सवय लागलीय, आधी नावं वाचायचीच नाहीत, बाई कुठेय ते बघायचं. आणि ती हमखास सापडते एकाच जागी, जिथे कंसात 'स्त्री' असं लिहिलेलं असतं तिथे. उत्कृष्ट अभिनय रौप्यपदक, पुरुष अमुक, स्त्री तमुक. म्हणजे त्या ओळीत निम्म्या बायका असणारच, नियमच तसा आहे. त्याच्या वर नजर नेली की दिग्दर्शनात एखादं नाव, कधी तेही नाही. प्रकाशयोजनेचं तर सोडाच. वेशभूषेत बऱ्यापैकी, कारण साड्या आणि दागिने हे बायकांचं खातं, असं सगळ्यांनी, आम्ही बायकांनीसुद्धा, केव्हाच मान्य करून टाकलंय.

आता यावर कुणीतरी लगेच म्हणणार की अहो मग करा की दिग्दर्शन, कुणी अडवलंय. खरंच कुणी अडवलेलं नाही. फॉर्मवर कुठेही 'दिग्दर्शक पुरुष असावा' असं लिहिलेलं नाही, आणि म्हणूनच हा विषय बोलायला इतका चिकट आहे.

मी सांगलीची, नोकरी सांभाळून नाटक करणारी, म्हणजे ज्याला आपल्याकडे हौशी म्हणतात त्यातली. सांगली म्हटलं की विष्णुदास भावे आणि १८४३ हे आम्हाला बालवाडीपासून पाठ. नाट्यपंढरी वगैरे. त्यामुळे इथे नाटक करणं हे जरा घरातल्या कुळाचारासारखं असतं, का करतो हे कुणी विचारत नाही, करायचं असतं म्हणून करतात. आणि ही हौस बऱ्याच अंशी सरकारच्या पैशावर चालते हे आम्ही विसरतो. १९५४ पासून ही स्पर्धा सरकार भरवतंय. सांस्कृतिक कार्य संचालनालय थिएटर ठरवतं, परीक्षक नेमतं, प्रयोगाचा काही खर्च देतं, बक्षिसं देतं. नागपूर, चंद्रपूर, नाशिक, रत्नागिरी, कोल्हापूर, सांगली, अशी जिथे जिथे केंद्रं आहेत तिथल्या लोकांना विचारा, या स्पर्धेशिवाय त्यांच्या गावात वर्षाला किती नवी नाटकं उभी राहिली असती. व्यावसायिक निर्मात्यानं कुणाला दिग्दर्शन द्यायचं तो त्याचा प्रश्न, त्याचं घर गहाण असतं. पण इथे पैसा माझा पण आहे, शेजारच्या भाजीवालीचा पण आहे, काडेपेटी घेतली तरी ती टॅक्स भरते. तेव्हा त्या पैशाचं वाटप कसं होतं हे विचारायला स्त्रीवादी असायची पण गरज नाही, हिशेबी असलं तरी पुरे.

कंसातली ती स्त्री आली कुठून हे आठवायला हवं. आपल्या रंगभूमीवर बाईची कामं पुरुष करत होते, आणि काय करत होते, बालगंधर्वांसारखा शालू नेसावा म्हणून बायका शिकायच्या. बायकांच्या स्वतःच्या नाटक कंपन्याही त्या काळात होत्या, पुरुषांची कामंसुद्धा बायकाच करायच्या, पण इतिहासाच्या पुस्तकात त्यांना परिच्छेदभर जागा. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेच्या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या हे आजही मैलाचा दगड म्हणून सांगतात. त्यानंतरही गावोगावी 'स्त्रीपात्रविरहित' अशी जाहिरात करून एकांकिकांची पुस्तकं विकली जायची, कारण मुलगी मिळायचीच नाही. कॉलेजच्या लायब्ररीत मी ती पुस्तकं पाहिलीत, मुखपृष्ठावर अगदी अभिमानानं छापलेलं असायचं, जसं हल्ली शुगर फ्री छापतात. अशा काळात पदकाला स्त्रीचा वेगळा कंस असणं हे शहाणपणाचं होतं. पदक आहे म्हटल्यावर मुली आल्या, घरच्यांनी पाठवल्या, पेपरात फोटो आला तर सासरच्यांनी कात्रण फ्रेम करून लावलं. नियमानं काम केलं. मला एवढंच म्हणायचंय की जिथे जागा लिहून ठेवली तिथे बाई आली, आणि जिथे 'गुणवत्तेवर' सोडलं तिथे खोली आधी जशी भरलेली होती तशीच भरत राहिली.

(जाता जाता, आपल्या नाट्यगृहांची नावं आठवून बघा. बालगंधर्व, केशवराव भोसले, विष्णुदास भावे, गडकरी, घाणेकर, दीनानाथ, कालिदास. बाईच्या नावाचं म्हणाल तर डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले आणि मीरा रोडचं लता मंगेशकर, मला झटकन एवढीच आठवतात, आणि दोघीही मुळात नाटकातल्या नव्हेत. पुण्यातलं सगळ्यात लाडकं नाट्यगृह बाईची कामं करणाऱ्या पुरुषाच्या नावाचं आहे. बालगंधर्वांवर माझा राग अजिबात नाही, गंमत वाटते एवढंच.)

दिग्दर्शक कसा तयार होतो ते सांगते, कारण बाहेरच्याला वाटतं तो प्रतिभेतून येतो. हौशी नाटकात दिग्दर्शक तयार होतो रात्री साडेदहानंतर. तालीम सुरू व्हायचीच नऊला, कारण कुणाचं दुकान, कुणाची शिफ्ट. शाळेचा हॉल, पंखा असला तर आवाज करणारा. दहा-सव्वादहाला मुली घरी जातात, कुणाचा भाऊ न्यायला येतो, कुणाला मंडळातलाच कुणीतरी सोडतो. मग खरं नाटक सुरू होतं. चहा येतो, सिगरेटी निघतात, दुसऱ्या अंकाचं काय करायचं, तो प्रवेश पडतोय का, ह्याला काढून त्याला घ्यायचा का, नेपथ्याचे दोन लेव्हल परवडतील का, हे सगळं तेव्हा ठरतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही तालमीला येता आणि तुमच्या एंट्रीची बाजू बदललेली असते. कुणी दुष्ट नसतं हो यात. ते म्हणतात, ताई तू होतीस कुठे. मी होते घरी, सकाळचे डबे होते. असं पाच-सात वर्षं चाललं की तिथे बसलेल्या पोरांपैकी एक सहायक होतो, मग दिग्दर्शक, आणि तुम्ही मात्र 'अनुभवी अभिनेत्री', म्हणजे आता आईची कामं.

मग माझ्यावर दिग्दर्शनाची पाळी आली, ती पण कशी, ठरलेल्या दिग्दर्शकाची बदली झाली आणि नाव तर नोंदवून झालं होतं. मंडळाचं नाव सांगत नाही, माणसं अजून भेटतात. तालमी ठीक झाल्या. प्रयोगाच्या दिवशी सकाळी लाइट लावताना मी सांगितलं की डावीकडचा स्पॉट थोडा खाली घ्या, चेहऱ्यावर सावली पडतेय. लाइटवाले दादा शिडीवरून माझ्याकडे बघून म्हणाले, बरं, आणि मग विंगेतल्या नेपथ्यवाल्याला ओरडून विचारलं, "सर, खाली घेऊ का?" तो बिचारा मान हलवून म्हणाला, मॅडमना विचारा. दादा मॅडमशी बोलत होते, मॅडम बोलत होती, पण परवानगी सरांची लागत होती. दिवसभर हे असंच. दुपारपर्यंत माझा संताप झाला, संध्याकाळी मी युक्ती काढली, नेपथ्यवाल्यालाच शेजारी उभं केलं आणि त्याच्या तोंडून सगळं सांगवलं. काम झालं. आता ही हार म्हणायची की व्यवस्थापन, तुम्ही ठरवा. सरपंचबाईंच्या मागे उभ्या असलेल्या त्यांच्या मिस्टरांवर मी पूर्वी फार हसायचे, त्या दिवसापासून जरा कमी हसते.

सरपंचांवरून आठवलं. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत. म्हणजे ज्या महापालिकेच्या मालकीचं नाट्यगृह असतं तिथे निम्म्या नगरसेविका. सुरुवातीला सगळे म्हणायचे, नवरेच कारभार करणार. केला बऱ्याच ठिकाणी, अजूनही करतात. पण दोन टर्म झालेली बाई बजेट वाचायला शिकते आणि मग नवऱ्याला बाहेर बसवते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण त्याच महापालिकेच्या नाट्यगृहात मेकअप रूमला आतून नीट लागणारी कडी असावी म्हणून किती अर्ज करावे लागतात ते विचारू नका. बायकांचं बाथरूम बंद, चावी वॉचमनकडे, वॉचमन चहाला. पाळीच्या दिवसांत नऊवारी नेसून तीन अंक करून बघा आणि मग मला समान संधीवर भाषण द्या.

मेरिटचा मुद्दा राहिलाच. आमच्या ग्रुपवर हा वाद निघाला की एक मित्र हमखास म्हणतो, कलेत आरक्षण आणू नका, कलेत फक्त गुणवत्ता. मी त्याला साहित्य संमेलनाचा हिशेब सांगते. संमेलनालाही सरकार अनुदान देतं, तेव्हा विषयाला धरूनच आहे. १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांपासून सुरुवात झाली. २०१८ च्या बडोद्याच्या संमेलनापर्यंत एक्क्याण्णव संमेलनं झाली. त्यात अध्यक्ष बायका किती? चार. कुसुमावती देशपांडे १९६१ ला ग्वाल्हेरला, दुर्गा भागवत १९७५ ला कऱ्हाडला, शांता शेळके १९९६ ला आळंदीला, विजया राजाध्यक्ष २००१ ला इंदूरला. मग नियम बदलला. निवडणूक गेली, साहित्य महामंडळाच्या घटक संस्थांनी नावं सुचवायची आणि महामंडळानं ठरवायचं असं झालं. त्यानंतर यवतमाळला अरुणा ढेरे, दिल्लीला तारा भवाळकर. साताऱ्यापर्यंत आठ संमेलनांत दोघी. आधी एक्क्याण्णवात चार आणि आता आठात दोन. आठ म्हणजे फारच थोडी, त्यावरून सिद्धांत मांडू नका असं मित्र म्हणतो आणि ते मला मान्य आहे. पण एवढं तरी दिसतंच ना की २०१८ नंतर मराठी बायका अचानक चांगलं लिहायला लागल्या नाहीत. निवडायची पद्धत बदलली.

आणि ती जुनी पद्धत काय होती? मतदार हजाराच्या घरात, उमेदवारानं पत्रं पाठवायची, गावोगाव भेटी द्यायच्या, घटक संस्थांच्या लोकांना धरून ठेवायचं. १९९२ च्या कोल्हापूरच्या संमेलनाला इंदिरा संत उभ्या होत्या आणि हरल्या, निवडून आले रमेश मंत्री. मंत्र्यांचं विनोदी लेखन मी आवडीनं वाचलंय, त्यांच्याबद्दल वाकडं बोलायचं नाही. पण गुणवत्तेनं निवड झाली असं कुणी म्हणालं की मी फक्त इंदिरा संत एवढंच म्हणते आणि गप्प बसते. ज्या बाईनं नवरा लवकर गेल्यावर बेळगावात राहून नोकरी करत पोरं वाढवली आणि मराठी कवितेचा सूर बदलला, तिला मतं मागायला फिरणं जमणार होतं?

बरं, ज्या चौघी अध्यक्ष झाल्या त्यांचं काय? कऱ्हाडला दुर्गाबाईंनी आणीबाणीत, समोर यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे तुरुंगात गेल्या. कधी कधी वाटतं की बाईला खुर्ची देताना माणसं बिचकतात ती तिच्या कुवतीच्या शंकेनं नाही. यवतमाळलाच बघा ना, अध्यक्ष अरुणा ढेरे, इतक्या वर्षांनी बाई अध्यक्ष, आणि उद्घाटनाला बोलावलेल्या नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण आयत्या वेळी मागे घेतलं. एका बाईला बसवलं आणि दुसरीला येऊ नका कळवलं, एकाच मांडवात.

नाट्य संमेलन या बाबतीत पुढे होतं खरं. गिरिजाबाई केळकर १९२८ सालीच अध्यक्ष झाल्या होत्या, साहित्याच्या तेहेतीस वर्षं आधी. खाडिलकरांच्या 'बायकांचे बंड'ला 'पुरुषांचे बंड' लिहून उत्तर देणारी ती बाई. शाळेच्या पुस्तकात मला त्या कधी भेटल्या नाहीत.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि तो आमच्यासारख्या पांढरपेशा हौशी बायकांचा नाही. तमाशा आणि लावणी. पवळाबाई हिवरगावकर या तमाशात उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्री कलावंत मानल्या जातात, तोवर नाच्या पोरगा असायचा. पुढे विठाबाई नारायणगावकर, कांताबाई सातारकर, ज्यांनी स्वतःचे फड काढले, शेकडो माणसं पोसली. म्हणजे आपण हौशी नाटकात बाई दिग्दर्शक शोधतोय तेव्हा तमाशात बाई फडमालक होती, ट्रकचं डिझेल, तंबू, पोलिसांची परवानगी, सुपारी, सगळा कारभार बघणारी. व्यवस्थापनाचं काय घेऊन बसलात. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला आणि शेवटची वर्षं हलाखीत गेली, हे महाराष्ट्राला माहीत आहे. आता त्यांच्या नावानं सरकार जीवनगौरव देतं, चांगलंच आहे.

पण मला खटकतं ते दुसरंच. ज्येष्ठ कलावंतांना सरकार मानधन देतं, २०२४ मध्ये ते सरसकट महिना ५,००० केलं, आधी श्रेणीप्रमाणे कमी होतं. योजनेत कुठेही बाईवर अन्याय लिहिलेला नाही. वय ५० पूर्ण हवं आणि कलेत किमान १५ वर्षं काम केल्याचा पुरावा हवा. वाचताना काय चूक वाटतं? काहीच नाही. आता लावणी नाचणारीच्या बाजूनं वाचा. ती पंधराव्या वर्षी उभी राहते, पस्तीस-चाळिशीत तिला पुढची रांग सोडावी लागते, सुपारी तरुण पोरींच्या नावावर येते. गायक पन्नाशीत मुरतो, ढोलकीवाला साठीत उस्ताद होतो, कीर्तनकाराला तर पांढरे केस भांडवल. नाचणारीचा गुडघा पन्नाशीची वाट बघत नाही. मधली दहा-पंधरा वर्षं तिनं काय खायचं? आणि पुरावा कुठला आणायचा? पोस्टरवर नाव फडाचं, करार तोंडी, पेपरात फोटो आला तरी खाली 'लावणी सादर करताना कलावंत' एवढंच. नावानिशी कात्रण असतं ते फडमालकाचं नाहीतर आमदारांचं. तिच्याकडे पुरावा म्हणजे पायाचे घट्टे, आणि ते झेरॉक्स होत नाहीत.

जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या, मंगळागौर खेळवणाऱ्या, डोहाळजेवणाची गाणी पाठ असलेल्या बायकांबद्दल तर बोलायलाच नको. त्यांनी कधी स्टेजच पाहिलं नाही. सरकारी महोत्सवात लोककला म्हणून त्यांचं गाणं वाजतं, म्हणते दुसरीच कुणी, मानधनाचा चेक तिसऱ्याच संस्थेच्या नावानं निघतो.

गोव्यात कला अकादमी महिलांसाठी वेगळी नाट्यस्पर्धा भरवते. माझी एक मैत्रीण लग्न होऊन म्हापशाला गेलीय, ती या स्पर्धेबद्दल इतक्या उत्साहानं बोलते की इथे बसून मला हेवा वाटतो. आधी मी नाक मुरडलं होतं, वेगळी पंगत कशाला म्हणून. पंगत वेगळी असली की मोठ्या स्पर्धेतल्या पुरुषांना वाटतं आता यांची सोय झाली. पण ती म्हणाली की अगं, पहिल्यांदा काहीतरी वाईट करायला जागा लागते ना. तुमच्या त्या पोरांनी साडेदहानंतर किती वाईट नाटकं बसवली तेव्हा एखादं बरं निघालं, आम्हाला ती वाईट नाटकं करायची चैन कुठे होती. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. बाईनं एकदा पडेल नाटक केलं की 'बायकांना जमत नाही' होतं, पुरुषानं केलं की 'या वर्षी मंडळाचं नाटक जमलं नाही'.

मला काय हवंय असं कुणी विचारलं तर मी फार काही मागत नाही. दिग्दर्शनाच्या पदकाला पण कंस करा असं मी म्हणत नाही, त्यावर आमच्यातच दोन तट पडतील. निदान मोजा तरी. दर वर्षीच्या निकालाबरोबर संचालनालयानं एवढंच छापावं की किती नाटकं आली, त्यात दिग्दर्शक बायका किती, लेखक किती, परीक्षक किती, तांत्रिक बाजूला किती. प्रवेशिकेवर सगळी नावं असतातच, नवीन काही गोळा करायचं नाही. आकडा छापला की निदान पुढच्या वर्षी कुणालातरी तो वाढवावासा वाटेल, आणि आमच्यासारख्यांना पेपर उलटा-सुलटा करून बायका शोधत बसावं लागणार नाही. मानधनाच्या वयात नाच आणि शारीरिक कलांसाठी सूट ठेवा, दिव्यांगांना ती देतातच. पुराव्यात गावातल्या पाच सहकलाकारांचा जबाब चालवा.

आणि तालमीची वेळ. हे सरकारला सांगून होणारं नाही, आम्हीच करायचं. यंदा आमच्यातल्या दोन-तीन पोरींनी सरळ जाहीर केलं की तालीम साडेसहा ते नऊ, आणि नऊनंतर नाटकाबद्दलचा एकही निर्णय घ्यायचा नाही, घ्यायचा असेल तर ग्रुपवर टाकायचा आणि सकाळपर्यंत थांबायचं. पहिल्या आठवड्यात पुरुषांनी खूप तोंडं वाकडी केली, दुकान लवकर कसं बंद करणार वगैरे. एकानं सोडलं पण. बाकीचे येतात, उशिरा येतात, पण येतात. दिग्दर्शन एका सव्वीस वर्षांच्या मुलीकडे आहे, ती मला काकू म्हणते आणि अजिबात ऐकत नाही, माझ्या पहिल्या प्रवेशातली चार वाक्यं कापलीत तिनं. लाइटसाठी मात्र याही वर्षी कोल्हापूरहून माणूस आणावा लागणार आहे, कारण इथे चार वर्षं शिकून तयार झालेली आमची पोरगी लग्न करून बेंगळुरूला गेली आणि तिच्या जागी अजून कुणी शिडीवर चढायला तयार नाही. एकीला विचारलंय, तिची आई म्हणतेय बारावी होऊ दे.